गुणांचे प्रमाणीकरण

गुणांचे प्रमाणीकरण म्हणजे परीक्षार्थीला उत्तरपत्रिकेत प्रत्यक्ष मिळालेल्या मूळ गुणांचे, ठरवून दिलेल्या सांख्यिकीय नियमानुसार, एका सामाईक मापपट्टीवर केलेले रूपांतर होय. निरनिराळ्या प्रश्नपत्रिका, सत्रे, विषय, वर्षे किंवा परीक्षा मंडळे यांतील गुणांची परस्परांशी तुलना करता यावी, हा या रूपांतराचा हेतू असतो. त्यातून येणाऱ्या संख्येला प्रमाणित गुण म्हणतात. भारतातील प्रवेश परीक्षांच्या संदर्भात ही प्रक्रिया गुणांचे सामान्यीकरण किंवा नॉर्मलायझेशन या नावांनी ओळखली जाते.

प्रमाणित गुण ही वजन किंवा उंची यांसारखी स्वतंत्र राशी नाही. ती संख्या कोणत्या गटाशी किंवा कोणत्या निकषाशी तुलना करून काढली आहे, हे कळल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही. लाखो विद्यार्थ्यांचे प्रवेश अशा संख्यांवर ठरत असल्यामुळे प्रमाणीकरणाची पद्धत हा केवळ सांख्यिकीचा विषय न राहता शैक्षणिक न्यायाचाही विषय झाला आहे. भारतात या पद्धतींविषयीचे वाद वेळोवेळी न्यायालयांपर्यंत गेले आहेत.

गरज

एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर आणि एकाच परीक्षकाकडून तपासल्या गेलेल्या परीक्षेत मूळ गुणांची तुलना करण्यास फारशी अडचण येत नाही. यांपैकी एखादी गोष्ट बदलली की अडचण उद्भवते. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या परीक्षांत सर्व परीक्षार्थींना एकाच वेळी बसवणे शक्य नसते, त्यामुळे परीक्षा अनेक सत्रांत होते. प्रश्न फुटू नयेत म्हणून प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका द्यावी लागते. तज्ज्ञांनी कितीही काळजी घेतली, तरी दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी राखता येत नाही. अशा वेळी सोप्या प्रश्नपत्रिकेत १५० गुण मिळवणारा आणि अवघड प्रश्नपत्रिकेत १४० गुण मिळवणारा यांत कोण सरस, हे मूळ गुणांवरून सांगता येत नाही.

वैकल्पिक विषय, भिन्न अभ्यासक्रम असलेली परीक्षा मंडळे आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या परीक्षांचे जुने-नवे निकाल यांची तुलना करतानाही हाच प्रश्न उभा राहतो. परीक्षकांच्या सढळ किंवा कडक तपासणीमुळे पडणारा फरक ही आणखी वेगळी बाब आहे.

इतिहास

परीक्षेतील गुणांकडे सांख्यिकीच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये सुरू झाला. फ्रान्सिस गाल्टन यांनी मानवी गुणवैशिष्ट्यांच्या मापनासाठी शततमकाची कल्पना रूढ केली. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये परीक्षांच्या सांख्यिकीवर निबंध लिहून परीक्षकांच्या गुणदानात योगायोगाचा वाटा किती असतो, याची चर्चा केली. पुढे १९३५ मध्ये फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी परीक्षांच्याच परीक्षेचा अहवाल प्रसिद्ध केला. एकच उत्तरपत्रिका निरनिराळ्या परीक्षकांना दिली, किंवा त्याच परीक्षकाला काही काळाने पुन्हा दिली, तर गुणांत लक्षणीय फरक पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि ब्रिटिश भारतातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या १९२९ च्या समितीचे अध्यक्ष होते.

अमेरिकेत विल्यम मॅकॉल यांनी १९२२ मध्ये सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० असलेली टी-मापपट्टी सुचवली. महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सॅट परीक्षा १९२६ मध्ये सुरू झाली. १९४१ मध्ये त्या परीक्षेला बसलेल्या गटाची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन १०० मानून तिची मापपट्टी पक्की करण्यात आली, आणि नंतरच्या प्रत्येक वर्षाचे गुण त्याच पट्टीशी जोडले जाऊ लागले. परंतु १९४१ चा गट लहान आणि तुलनेने संपन्न वर्गातील होता. पुढील अर्धशतकात परीक्षार्थींची संख्या वाढली, त्यांची सामाजिक पार्श्वभूमीही व्यापक झाली आणि प्रत्यक्ष सरासरी ५०० च्या बरीच खाली आली. अखेर १९९५ मध्ये ही मापपट्टी नव्याने बसवून सरासरी पुन्हा ५०० च्या आसपास आणण्यात आली. त्यामुळे त्या वर्षापूर्वीचे आणि नंतरचे गुण रूपांतर-कोष्टकाशिवाय एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. १९९५ मध्ये अनेक विद्यार्थ्यांचे आकडे वाढलेले दिसले ते पट्टी बदलल्यामुळे. विद्यार्थ्यांची क्षमता एकाएकी वाढल्यामुळे नव्हे.

डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रतिमानातून आणि फ्रेडरिक लॉर्ड यांच्या कार्यातून प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत विकसित झाला. आजच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय चाचण्या याच सिद्धांतावर उभ्या आहेत.

रूपांतराच्या प्रमुख पद्धती

टक्केवारी

एकूण गुणांपैकी मिळालेल्या गुणांचे शेकडा प्रमाण म्हणजे टक्केवारी. ती प्रमाणीकरणाची पद्धत नव्हे, कारण प्रश्नपत्रिका सोपी होती की अवघड, याची तीत नोंद होत नाही. सोप्या प्रश्नपत्रिकेतील ८० टक्के आणि अवघड प्रश्नपत्रिकेतील ८० टक्के दिसायला सारखेच असतात.

सरासरी व प्रमाण विचलन यांवर आधारित गुण

या पद्धतीत विद्यार्थ्याचे गुण गटाच्या सरासरीपासून किती दूर आहेत, हे प्रमाण विचलनाच्या एककात मोजतात. प्रमाण विचलन म्हणजे गटातील गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, याचे माप. मूळ गुणांतून सरासरी वजा करून आलेल्या फरकाला प्रमाण विचलनाने भागले असता झेड-गुण मिळतो.

उदाहरणार्थ, एका विद्यार्थिनीला मराठीत ७२ आणि गणितात ८० गुण मिळाले. वर्गाची मराठीतील सरासरी ६० व प्रमाण विचलन ८, तर गणितातील सरासरी ७४ व प्रमाण विचलन १२ आहे. तिचा मराठीतील झेड-गुण १२ भागिले ८, म्हणजे १.५ येतो, गणितातील झेड-गुण ६ भागिले १२, म्हणजे ०.५ येतो. गणितात आठ गुण अधिक असूनही वर्गाच्या तुलनेत तिचे मराठी अधिक सरस आहे.

झेड-गुण ऋण किंवा अपूर्णांकी येऊ शकतात. निकालपत्रकावर तसे आकडे सोयीचे नसल्याने त्यांना ठरावीक संख्येने गुणून त्यात दुसरी ठरावीक संख्या मिळवतात. त्यातून पुढील मापपट्ट्या तयार झाल्या आहेत :

• टी-मापपट्टी : सरासरी ५०, प्रमाण विचलन १०. वरील विद्यार्थिनीचे गुण मराठीत ६५ आणि गणितात ५५ होतील.
• बुद्धिगुणांकाची वेक्सलर मापपट्टी : सरासरी १००, प्रमाण विचलन १५.
• पाचशेची मापपट्टी : सरासरी ५००, प्रमाण विचलन १००. वरील गुण अनुक्रमे ६५० आणि ५५० होतील.
• स्टेनाइन : १ ते ९ अशा नऊ पायऱ्या, सरासरी ५, प्रमाण विचलन २. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलातील निवडीसाठी ही पट्टी वापरात आली.

या सर्व पट्ट्यांतून मिळणारी माहिती मूलतः एकच आहे. तापमान सेल्सिअसमध्ये सांगितले काय किंवा फॅरनहाइटमध्ये सांगितले काय, उष्णता तीच राहते; तसेच हे आहे. स्टेनाइनमध्ये मात्र जवळजवळचे गुण एकाच पायरीत एकत्र केले जात असल्याने थोडी माहिती गळते.

शततमक

शततमक, म्हणजे पर्सेंटाइल, हा गटातील स्थान सांगणारा आकडा आहे. एखाद्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी गुण गटातील शेकडा किती जणांना मिळाले, हे त्यावरून कळते. भारतातील प्रवेश परीक्षांत वापरले जाणारे सूत्र असे आहे :

शततमक = १०० × (त्या सत्रात तेवढे किंवा त्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या) ÷ (त्या सत्रातील एकूण परीक्षार्थी)

या सूत्रानुसार प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा शततमक १०० येतो, मग त्याचे मूळ गुण पैकीच्या पैकी असोत वा नसोत.

समजा, पहिल्या सत्रात ४०,००० परीक्षार्थी होते आणि त्यांतील ३८,००० जणांना १५० किंवा त्याहून कमी गुण मिळाले. दुसऱ्या सत्रात ५०,००० परीक्षार्थी होते आणि त्यांतील ४७,५०० जणांना १३८ किंवा त्याहून कमी गुण मिळाले. पहिल्या सत्रातील १५० गुण आणि दुसऱ्या सत्रातील १३८ गुण या दोहोंचा शततमक ९५ येतो, आणि ते समान मानले जातात.

शततमकाच्या पट्टीवरील अंतरे सारखी नसतात. गुणांचे वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे, असेल तर सरासरीवर असलेल्याचा शततमक ५० येतो आणि सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन वर असलेल्याचा सुमारे ८४ येतो. दोन प्रमाण विचलने वर असलेल्याचा सुमारे ९७.७, तर तीन वर असलेल्याचा सुमारे ९९.९ असतो. म्हणजेच मधल्या भागात मूळ गुणांतील लहान फरकाने शततमक पुष्कळ बदलतो. टोकाला मात्र मोठा फरकही दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांतच दिसतो. बारा लाख परीक्षार्थींच्या परीक्षेत ९९ शततमकाच्या वर सुमारे १२,००० विद्यार्थी असतात, ९९.९ च्या वर सुमारे १,२०० आणि ९९.९९ च्या वर सुमारे १२०. याच कारणाने शततमकांची सरासरी काढणे किंवा त्यांची वजाबाकी करून प्रगती मोजणे सांख्यिकीच्या दृष्टीने सदोष ठरते.

प्रश्नपत्रिकांचे समतुल्यीकरण

वरील पद्धतींत दोन सत्रांतील विद्यार्थ्यांचे गट सरासरीने सारख्याच कुवतीचे आहेत, असे गृहीत धरलेले असते. परीक्षार्थींना सत्रे यदृच्छेने वाटून दिली आणि प्रत्येक सत्रातील संख्या मोठी असली, तर हे गृहीतक बऱ्याच अंशी खरे ठरते. तसे नसेल, तर सरस गटातील विद्यार्थ्यावर अन्याय होतो, कारण त्याची तुलना अधिक तयारीच्या स्पर्धकांशी झालेली असते.

हा दोष टाळण्यासाठी दोन्ही प्रश्नपत्रिकांत काही समान प्रश्न घालतात. त्यांना सेतुप्रश्न म्हणता येईल. या समान प्रश्नांवरील कामगिरीवरून दोन गटांच्या कुवतीतील फरक कळतो आणि उरलेला फरक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा असल्याचे ठरवता येते. या प्रक्रियेला समतुल्यीकरण म्हणतात. सेतुप्रश्न गुप्त राखणे हे यातील अवघड काम असते. एका सत्रातील प्रश्न दुसऱ्या सत्रापूर्वी बाहेर पडले, तर सगळी गणनाच चुकते.

प्रश्न-प्रतिसाद सिद्धांतात प्रत्येक प्रश्नाचे काठिण्य आणि प्रत्येक विद्यार्थ्याची क्षमता एकाच पट्टीवर मांडतात. त्यामुळे निरनिराळे प्रश्न सोडवलेल्या विद्यार्थ्यांचीही तुलना करता येते. सॅट परीक्षेच्या सध्याच्या संगणकीय स्वरूपात प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातील कामगिरीनुसार दुसऱ्या भागातील प्रश्न सोपे किंवा अवघड येतात. म्हणून तितकीच उत्तरे बरोबर असूनही दोन विद्यार्थ्यांचे अंतिम गुण वेगळे असू शकतात.

गटसंदर्भ आणि निकषसंदर्भ

प्रमाणित गुणांचा अर्थ दोन प्रकारे लावतात. विद्यार्थी इतरांच्या तुलनेत कोठे आहे, हे सांगणारे गुण गटसंदर्भी असतात. शततमक हे त्याचे ठळक उदाहरण. विद्यार्थ्याला अपेक्षित ते येते की नाही, हे सांगणारे गुण निकषसंदर्भी असतात. इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या राष्ट्रीय चाचण्यांचे गुण २०१६ पासून ८० ते १२० या पट्टीवर दिले जातात आणि १०० गुण म्हणजे अपेक्षित पातळी गाठली, असे मानले जाते. १०० पर्यंत पोहोचण्यासाठी किती मूळ गुण लागतील, हे प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार दरवर्षी बदलते. पातळी मात्र तीच राहते.

गटसंदर्भी पद्धतीत सगळ्यांनीच चांगली कामगिरी केली, तरी निम्मे विद्यार्थी मधल्या स्थानाच्या खालीच राहतात. म्हणून मर्यादित जागांसाठी निवड करताना ती उपयोगी पडते. शाळेत मुले किती शिकली, हे जाणून घ्यायला मात्र ती पुरेशी नसते.

भारतातील वापर

प्रवेश परीक्षा

अभियांत्रिकी प्रवेशासाठीची जेईई मेन ही परीक्षा २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, घेते. प्रत्येक सत्राचे शततमक स्वतंत्रपणे काढून ते एकत्र केले जातात आणि त्यांवरून गुणवत्ता यादी तयार होते. समान गुणांची गर्दी टाळण्यासाठी शततमक दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत काढतात. गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे शततमक वेगवेगळे असतात आणि एकूण शततमक एकूण मूळ गुणांवरून स्वतंत्रपणे काढलेला असतो. तो विषयवार शततमकांची सरासरी नसतो. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही परीक्षाही २०१९ पासून संगणकावर अनेक सत्रांत घेतली जाते आणि तिचा निकाल शततमकांत लावला जातो.

२०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. निरनिराळ्या राज्यांच्या मंडळांची गुणदानाची रीत वेगळी असल्यामुळे त्या गुणांचे मंडळनिहाय शततमकांच्या आधारे सामान्यीकरण करावे लागे. २०१७ पासून हा भार काढून टाकण्यात आला.

वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट परीक्षा एकाच वेळी, एकाच सत्रात होत आली असल्याने तिची गुणवत्ता यादी मूळ गुणांवरून लागत आली आहे. पात्रतेची अट मात्र शततमकांत सांगितली जाते. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ती ५० वा शततमक अशी आहे. २०२३ मध्ये या स्थानावरील विद्यार्थ्याचे गुण ७२० पैकी १३७, म्हणजे सुमारे १९ टक्के होते. पन्नासावा शततमक आणि पन्नास टक्के गुण या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे यावरून दिसते.

२०२४ च्या नीट निकालात ७१८ आणि ७१९ असे गुण दिसल्यावर प्रश्न उपस्थित झाले. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, या नियमाने ७२० च्या खालोखाल ७१६ किंवा ७१५ हेच गुण संभवतात. परीक्षेत वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून १,५६३ परीक्षार्थींना सूत्राने वाढीव गुण दिल्याचे यातून पुढे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर हे वाढीव गुण रद्द करून संबंधितांना फेरपरीक्षेचा पर्याय देण्यात आला. मूळ गुणांत केलेला कोणताही बदल निकालापूर्वी जाहीर करणे किती आवश्यक आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

शालान्त परीक्षा

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे सीबीएसई, विषयवार गुणांबरोबर श्रेणीही देत आले आहे. या श्रेणी ठरावीक गुणांना बांधलेल्या नसून सापेक्ष असतात. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांची गुणानुक्रमे यादी करून पहिल्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना ए-१, पुढच्या एक अष्टमांशाला ए-२ अशा रीतीने श्रेणी देतात. त्यामुळे एका विषयात ए-१ मिळण्यास लागणारे गुण दुसऱ्या विषयात पुरतीलच असे नाही.

न्यायालयीन दृष्टिकोन

उत्तर प्रदेशातील दिवाणी न्यायाधीशांच्या निवड परीक्षेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेला निर्णय या विषयात महत्त्वाचा मानला जातो. परीक्षकांच्या सढळ वा कडक तपासणीमुळे पडणारा फरक दूर करण्यासाठी नियमन करावे, म्हणजे मुख्य परीक्षकाने नमुना उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुणदानात एकवाक्यता आणावी. प्रमाणीकरण हे मुख्यतः भिन्न वैकल्पिक विषयांच्या तुलनेसाठी योग्य आहे, असा भेद न्यायालयाने केला. सर्वांना समान असलेल्या विषयांत प्रमाणीकरण वापरणे त्या प्रकरणात अयोग्य ठरले.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा एकाहून अधिक दिवशी घेऊन गुणांचे सामान्यीकरण करण्याच्या निर्णयाविरुद्ध प्रयागराज येथे परीक्षार्थींनी आंदोलन केले. त्यानंतर आयोगाने प्रांतीय नागरी सेवांची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचे मान्य केले.

महाराष्ट्रातील अकरावी प्रवेशाचा वाद

मुंबईसारख्या शहरांत राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई या तिन्ही मंडळांचे दहावी उत्तीर्ण विद्यार्थी एकाच कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशासाठी स्पर्धा करतात. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि गुणदानाची रीत वेगळी असताना केवळ टक्केवारीवर प्रवेश देणे योग्य आहे का, हा प्रश्न २००८ ते २०१० या काळात तीव्र झाला.

राज्य शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइल सूत्र आणले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला. तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१० मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे, म्हणजे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चे धोरण आले. उच्च न्यायालयाने ते नामंजूर केले. परंतु जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

यांपैकी शेवटचा उपाय सांख्यिकीय अर्थाने प्रमाणीकरण नव्हे. विषयांची संख्या सारखी केल्याने टक्केवारी काढण्याची रीत सारखी होते. प्रश्नपत्रिकांचे काठिण्य आणि गुणदानाची रीत यांतील फरक मात्र तसाच राहतो. हे फरक मोजण्यासाठी तिन्ही मंडळांच्या विद्यार्थ्यांनी सोडवलेली एखादी सामाईक चाचणी किंवा सामाईक प्रश्न लागतात, आणि तसा दुवा तेव्हा उपलब्ध नव्हता.

महासाथीच्या काळातील प्रयोग

कोविड-१९ च्या साथीमुळे परीक्षा रद्द झाल्यावर गुण ठरवण्यासाठी सांख्यिकीचा आधार घ्यावा लागला. इंग्लंडमध्ये १३ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झालेल्या ए-लेव्हल निकालात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांवर आधारलेल्या सूत्राने श्रेणी ठरवण्यात आल्या. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आल्या. लहान वर्गांना हे सूत्र पूर्णपणे लागू नसल्यामुळे लहान तुकड्या असलेल्या खासगी शाळांना त्याचा फायदा झाला. ज्या शाळांचे जुने निकाल बेताचे होते, तेथील हुशार विद्यार्थ्यांचे नुकसान झाले. तीव्र विरोधानंतर चारच दिवसांत हे सूत्र मागे घेण्यात आले.

भारतात २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. सीबीएसईने बारावीसाठी दहावी, अकरावी आणि बारावीतील कामगिरीला अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार दिला आणि शाळेच्या पूर्वीच्या निकालांचा आधार घेऊन गुणांवर मर्यादा घातली. महाराष्ट्र राज्य मंडळाने दहावीसाठी नववीच्या निकालाला ५० आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ५० गुण ठेवले. त्या वर्षी दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. एका टोकाला शाळेच्या इतिहासाचे बंधन आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ सर्वच उत्तीर्ण, अशी ही दोन रूपे होती. विद्यार्थ्याने स्वतः दिलेल्या सामाईक परीक्षेची जागा कोणतेही सूत्र पूर्णपणे घेऊ शकत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

सर्वेक्षण चाचण्या

काही चाचण्या एकेका विद्यार्थ्यासाठी नसून संपूर्ण शिक्षणव्यवस्थेची स्थिती जाणण्यासाठी असतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची पिसा ही चाचणी २००० मध्ये सुरू झाली; तिच्या पट्ट्या सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन १०० धरून बसवलेल्या आहेत. २००९ च्या फेरीच्या विस्तारित टप्प्यात भारतातून हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही राज्ये सहभागी झाली होती आणि त्यांचे स्थान यादीच्या तळाजवळ होते. भारतात २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे निकाल ० ते ५०० या पट्टीवर देण्यात आले. या आकड्यांना पाचाने भागून टक्केवारी काढण्याचा मोह होतो; परंतु ते बरोबर उत्तरांचे प्रमाण नसल्यामुळे तसे करणे चुकीचे आहे.

अशा सर्वेक्षणांत प्रत्येक विद्यार्थी सर्व प्रश्नांचा काही भागच सोडवतो. त्यामुळे राज्याची किंवा देशाची सरासरी विश्वसनीय असते, परंतु एकेका विद्यार्थ्याचे गुण त्यातून सांगता येत नाहीत.

मापनातील त्रुटी

कोणत्याही परीक्षेतील गुण हा विद्यार्थ्याच्या क्षमतेचा अंदाज असतो. त्या दिवसाची प्रकृती, विचारले गेलेले नेमके प्रश्न आणि तर्काने दिलेली उत्तरे यांमुळे तो थोडा वर-खाली होतो. या चढउताराच्या मापाला मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतात. चाचणीचे प्रमाण विचलन १०० आणि विश्वसनीयता ०.९१ असेल, तर ही त्रुटी ३० गुणांची येते. अशा चाचणीत ६२० गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची खरी पातळी साधारण ५९० ते ६५० च्या दरम्यान असण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश असते. तेथे ६१० आणि ६२० गुणांच्या दोन विद्यार्थ्यांत खरोखर फरक आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही.

सात दशांश स्थळांपर्यंत काढलेला शततमक क्रम लावण्यासाठी सोयीचा असतो. परंतु त्यामुळे मापनाची अचूकता वाढत नाही. जागा मर्यादित असल्या की कोठेतरी रेघ ओढावीच लागते. त्या रेघेच्या थोडे वर आणि थोडे खाली असलेल्यांतील फरक व्यवस्थेच्या सोयीसाठी मानलेला असतो. तो त्यांच्या कुवतीतील सिद्ध झालेला फरक नसतो.

निकालपत्रकाचे वाचन

प्रमाणित गुण वाचताना पुढील गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते :

• आकडा मूळ गुणांचा आहे, टक्केवारीचा आहे, शततमकाचा आहे की अन्य मापपट्टीवरचा आहे.
• तुलना कोणत्या गटाशी केली आहे : एका सत्राशी, त्या वर्षाच्या सर्व परीक्षार्थींशी की पूर्वी ठरवलेल्या संदर्भगटाशी.
• गटातील परीक्षार्थींची संख्या किती आहे. लहान गटातील शततमक एक-दोन जणांच्या फरकानेही बराच हलतो.
• मागील वर्षाशी तुलना करताना मापपट्टी तीच आहे की मध्यंतरी बदलली आहे.
• मापनाची प्रमाण त्रुटी जाहीर केली आहे का.

गटसंदर्भी गुण कमी आले, म्हणजे विद्यार्थ्याला विषय येत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. तसेच ते अधिक आले, म्हणजे विषय पूर्ण आत्मसात झाला, असेही ठरत नाही. परीक्षेला बसलेल्या त्या गटात, त्या दिवशी, त्या प्रश्नांवर विद्यार्थ्याचे स्थान काय होते, एवढेच तो आकडा सांगतो.